पोकळ तालींचं गाव

फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची ते विचारू नका, मला सांगणाऱ्यानंही ते सांगितलं नव्हतं. एका डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. गावात माणसं भरपूर होती, प्रत्येकाला दोन धडधाकट हात होते, पण त्या हातांना पुरेल एवढं काम मात्र गावात नव्हतं.

पावसाळ्याचे चार महिने सगळे राबायचे. बाजरी घरात आली, दिवाळी झाली, की गाव रिकामं बसायचं. निम्मे पुरुष घाटाखालच्या बंदरावर ओझी वाहायला जायचे, ते थेट मृगाच्या तोंडावर परत यायचे. उरलेले पारावर बसायचे. आता कुणी म्हणेल, आळशी असतील मेले. मुळीच नाही! हात स्वस्थ बसवत नाहीत म्हणून पारावरचा एक जण दिवसभर अंबाडीचा दोर वळायचा, संध्याकाळी तोच दोर उलगडायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वळायला घ्यायचा. एका नांगरामागे चौघं चालायचे. एक नांगर धरायचा, एक बैल हाकायचा, एक वाटेतले दगड बाजूला करायचा आणि चौथा "हां, बरोबर चाललंय" असं म्हणायचा. मजुरी मात्र एकाचीच मिळायची, ती चौघं वाटून घ्यायचे.

उन्हाळ्यात एकच मोठं काम निघायचं, तालींचं. उताराच्या रानातली माती पावसानं वाहून जाऊ नये म्हणून दगडावर दगड रचून आडवा बांध घालतात, त्याला त्या गावात ताल म्हणत. पाटलांच्या रानात अशा सात ताली होत्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकीखाली एक. दर पावसाळ्यात त्या ढासळायच्या आणि दर चैत्रात गावची तीस जणांची टोळी त्या पुन्हा रचायची. दोन महिने घरोघरच्या चुली याच कामावर पेटायच्या.

दर वर्षी ताली ढासळायच्या कशा? सोपं आहे. त्या ढासळतील अशाच रचलेल्या असायच्या. पाया खोल घ्यायचा नाही. दगडांच्या फटींत बारीक दगडांच्या चिपा ठोकायच्या नाहीत. तोंडाला मोठे, सुबक दगड लावायचे आणि आत नुसती भर टाकायची. बाहेरून ताल इतकी देखणी दिसायची की पाटील घोड्यावरूनच बघून खूश व्हायचे. टोळीचा म्हातारा मुकादम नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावायचा, "दगड ठिवायचा, रुतवायचा न्हाई. ताल टिकली तर फुडल्या साली खाशील काय?"

यात आपण कुणाला फसवतो आहोत असं टोळीतल्या कुणालाच वाटत नसे. एक भाकरी चार लेकरांना पुरवावी तसे ते काम पुरवत होते. पुरवता पुरवता तीच रीत होऊन बसली.

या टोळीत कोंडाबाई नावाची एक बाई होती. तिचा बाप विहिरी बांधणारा होता. त्याच्या हाताखाली ती लहानपणी दगड ओळखायला शिकली होती. कुठला दगड पाठीवर बसवायचा, कुठला कुशीवर, हे तिच्या बोटांना डोळ्यांआधी समजायचं. लग्न होऊन या गावात आली आणि बारा वर्षं मुकाट पोकळ ताली रचत राहिली. मात्र संध्याकाळी घरी जाताना ती आपल्या कामाकडे वळून बघत नसे. तिला बघवत नसे.

तिचा नवरा दिवाळीनंतर बंदरावर जाणाऱ्यांतला. घरात ती आणि सहा वर्षांची हौसा, दोघीच. टोळीतली मजुरी होती म्हणून ती गावात राहू शकत होती. टोळीतून नाव गेलं असतं तर घराला कुलूप लावून, पोरीला कडेवर घेऊन तिलाही बंदरावरच्या उघड्या झोपड्यांत जावं लागलं असतं. तिथं लहान लेकरांचं काय होतं ते तिला नवऱ्यानं सांगितलं होतं, आणि तिनं ते हौसाला कधी सांगितलं नव्हतं.

एका पौषात कोंडाबाई सरपण गोळा करायला डोंगरात गेली होती. सगळा उतार कोरडाठाक पडलेला. सगळ्यात वरच्या तालीच्या एका कोपऱ्यात मात्र तिला काहीतरी हिरवं दिसलं. जवळ जाऊन बघते तर हरभऱ्याचं झाड! कुणी पेरलेलं नाही, कुणी पाणी घातलेलं नाही, पाखराच्या चोचीतून पडून आपलं आपण उगवलेलं. आणि घाटे तर कसे, टच्च भरलेले.

तिला नवल वाटलं. त्या कोपऱ्यात ताल संपून डोंगराचा मूळ कातळ पुढे आला होता. कातळ काही पावसात ढासळत नाही. त्याच्यामागे वर्षानुवर्षांचा गाळ साठला होता. कोंडाबाईनं त्या गाळात हात घातला. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा बोटांना ओल लागली. पौषात ओल!

ती तिथंच बसली. हौसासाठी तिनं घाटे पदराच्या ओट्यात खुडून घेतले आणि विचार करत राहिली. एका कातळानं एक झाड जगवलं. सातही ताली अशा टिकल्या तर पाऊस संपल्यावर या रानात दुसरं पीक येईल. पीक आलं की पेरणी आली, खुरपणी आली, राखण आली, मळणी आली. दोन महिन्यांचं काम जपण्यासाठी आपण बाकीच्या महिन्यांचं काम दर पावसाळ्यात नदीला सोडून देतो आहोत, हे तिला त्या दिवशी कळलं. तिला हसूच आलं.

चैत्र आला. काम सुरू झालं आणि तिसऱ्याच दिवशी मुकादमाच्या पायावर दगड पडला. त्याला बाजेवर घालून घरी न्यावं लागलं. जाताना तो म्हणाला, "कोंडे, वरची ताल तू संभाळ. पाच बाया घे संगती. आणि आपली रीत सोडू नगंस."

कोंडाबाईनं मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी ताल धरली ती पायापासून. कमरेइतका चर खणला, मुरूम लागेपर्यंत. मोठे दगड आत घातले, दोन दगडांच्या सांध्यावर तिसरा दगड बसवला, फटीफटीत चिपा ठोकल्या आणि ताल डोंगराकडे किंचित रेलती ठेवली.

बरोबरच्या बाया घाबरल्या. एक जण म्हणाली, "अगं बाई, ही काय दोन पिढ्या पडायची न्हाई! फुडल्या साली आपुन काय करायचं?"

"दुसरं काम करायचं," कोंडाबाई म्हणाली.

"कंचं?"

"ते अजून यायचंय. कुणी विचारलं तर सगळं माझ्या नावावर घाला. तुमी दगड द्या नुसतं."

बायांना काही ते पटलं नाही. पण चिपा ठोकताना होणारा तो घट्ट आवाज त्यांना आवडायला लागला. दुसऱ्या आठवड्यात तर त्याच म्हणायला लागल्या, "ह्यो सैल लागतोय गं, काढ आन् परत बशीव."

आषाढात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी सकाळी उघडीप मिळताच कोंडाबाई धावत डोंगर चढली. वरची ताल जागच्या जागी उभी होती. माती मागे अडली होती आणि दगडांच्या मधून नितळ पाणी झिरपत होतं. वरून येणारा लोंढा तिथंच मोडल्यामुळे खालच्या सहांपैकी चार पोकळ तालीही वाचल्या होत्या. कोंडाबाई त्या दिवशी कितीतरी वेळ आपलं काम बघत उभी राहिली.

फाल्गुनात मुकादम काठी टेकत रान बघायला गेला आणि लालबुंद होऊन परत आला. सात तालींपैकी दोनच ढासळलेल्या! दोन महिन्यांच्या जागी दहा-बारा दिवसांचं काम. त्यानं पारावर सगळ्यांसमोर कोंडाबाईला बोलावलं.

"तीस घरांचा घास काढलास तू," तो म्हणाला. "तुला दगड रचता येतो ते दावायची हौस आली, व्हय? आजपासनं टोळीत तुजं नाव न्हाई."

तिच्याबरोबर काम केलेल्या बाया खाली मान घालून बसल्या. त्यांना दोष देऊ नका, त्यांच्याही घरी चूल होती. कोंडाबाई घरी आली आणि गाठोडं बांधायला लागली. हौसा विचारत होती, "आई, कुठं जायचं?" आणि ती गाठोड्याची गाठ आवळत होती. केलं ते चुकलं असं तिला वाटत नव्हतं, पण भीती मात्र खूप वाटत होती.

तेवढ्यात पाटलांचं बोलावणं आलं.

पाटील ओसरीवर बसले होते. "कोंडे," ते म्हणाले, "वरची ताल तू रचलीस म्हणतात. मी बघून आलो. म्हणजे इतकी वर्षं ही टोळी मला बनवत होती तर! आता त्यांना मी दारात उभं करणार नाही. उरलेल्या सहाही ताली तूच बांध. दोन बाया घे हाताखाली. चार महिने काम पुरेल, संपलं की वाड्यावर दुसरं देईन. तुला आता कशाची ददात नाही."

बघा हं, काय वेळ होती ती. घरी गाठोडं बांधून ठेवलेलं. ज्यांनी तिला भर पारावर हाकललं, त्यांचं सगळं काम आता एकट्या तिच्या ओटीत पडत होतं. नुसतं "बरं" म्हणायचं होतं. तिच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर "बरं" म्हणून मोकळे झालो असतो.

कोंडाबाई म्हणाली, "पाटील, वर्साचं आठ म्हयनं हात बांधून बसायला लागलं असतं, तर तुमीबी पोकळच ताल रचली असती."

पाटलांच्या भुवया वर गेल्या. त्यांच्याशी असं कुणी बोलत नसे.

"माझ्यासंगं रानात चला," ती म्हणाली. "मग काय त्ये ठरवा."

पाटील कुतूहलानं का होईना, गेले. वरच्या तालीमागे हातभर नवा गाळ साठला होता. कोंडाबाई म्हणाली, "हात घाला." पाटील आधी हसले, मग बाही वर करून त्यांनी हात घातला. कोपरापर्यंत गेल्यावर त्यांचं हसू थांबलं. बाहेर फाल्गुनाचं ऊन भाजत होतं आणि आत माती गार होती.

"हितं बाजरीमागं हरबरा येतोय," कोंडाबाई म्हणाली. "एक पीक हाय, त्याची दोन व्हत्याल. सात ताली घट झाल्या तरच. आन् त्या मिरगाच्या आदी व्हायच्या तर तीसच्या तीस मानसं लागत्याल. मी एकली बांधत बसले तर निम्मं काम पावसात जाईल. टोळीला बोलवा. आन् हरबरा निघाला तर त्याचं समदं काम ह्याच मानसांस्नी द्या. येवढं कबूल करा, न्हाईतर मला तुमचं काम नगं."

पाटलांनी बराच वेळ हाताची माती झटकली. मग म्हणाले, "कबूल. पण ऐक. हरभरा नाही आला, तर पुढच्या चैत्रापासून या रानात दगड लावायला मी कुणालाच बोलावणार नाही. ना त्यांना, ना तुला."

कोंडाबाई तिथून तडक मुकादमाच्या घरी गेली. म्हातारा बाजेवर बसला होता. त्यानं तोंड फिरवलं. ती उंबऱ्याबाहेरच बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. पाटलांनी काय देऊ केलं होतं, तेही तिनं लपवलं नाही.

"आन् न्हाई आला हरबरा तर?" मुकादमानं भिंतीकडे बघतच विचारलं.

"तर तात्या, तीस घरास्नी मी बुडवलं असं व्हईल. मी गाव सोडून जाईन, पर तेवढ्यानं तुमचं भरून निघनार न्हाई. म्हनून तर इचारायला आले. तुमी न्हाई म्हनला तर न्हाई."

म्हाताऱ्यानं दुखरा पाय बाजेखाली सोडला. मग त्यानं विचारलं, "पाया किती घेतलावतास?"

"कमरंइतका. मुरूम लागंस्तवर."

"आन् पाठीला रेल?"

"हातभर उंचीला चार बोटं."

"माजा बाप पाच द्यायचा," मुकादम म्हणाला.

कोंडाबाई चमकून त्याच्याकडे बघायला लागली. म्हाताऱ्यानं आता तोंड वळवलं होतं आणि त्याचे डोळे भरून आले होते. "मला समदं येत हुतं गं," तो म्हणाला. "बापानं शिकवलंवतं. पर तो गेला आन् दुष्काळ पडला, कामं आटली. मग पोकळ रचायला लागलो. चाळीस वर्सं झाली. बरं काम कसं करायचं ते हाताला ठावं असून वाईट करत बसलो. उद्या टोळी घिऊन येतो मी."

आणि आला की! पाय धड टेकत नव्हता, तर पालथ्या घमेल्यावर बसून त्यानं काम चालवलं. "त्यो न्हाई, त्याच्या शेजारचा आण. फिरीव. आता टेकीव. बघ, कसा बसला!" दगड हातात घेतला की तो क्षणभर तोलून बघायचा आणि ठेवायचा तो असा, की पुन्हा हलवायची गरज पडत नसे. टोळीतली निम्मी माणसं त्याच्या हाताखाली म्हातारी झाली होती, पण हा मुकादम त्यांनी कधी बघितलाच नव्हता.

एकानं न राहवून विचारलं, "तात्या, येवढं येत हुतं तर कंदी दावलं का न्हाई?"

"कंदी लागलंच न्हाई," म्हातारा म्हणाला आणि चिपेवर हातोडी मारली.

माणसं बदलली ती माझ्या मते तिथंच. नांगरामागून चालणारा तो चौथा माणूस आठवतो ना, नुसतं "हां" म्हणणारा? त्याची नजर इतकी सरळ निघाली की दोरी न लावता तो तालीची रेघ सांगायचा. पारावर दोर वळणाऱ्यानं त्या दोराची जाळी विणली आणि मोठमोठे दगड त्या जाळीत घालून, आठ-आठ जणांनी मिळून वर ओढले. तीस माणसं सकाळी रानात जायची ती दिवस मावळेपर्यंत पाठ टेकत नव्हती. दमायची, कुरकुरायची, आणि उद्या कुठून सुरुवात करायची यावर वाटेनं भांडत घरी यायची. अशी भांडणं त्या गावानं पूर्वी ऐकली नव्हती.

मृगाच्या दोन दिवस आधी सातवी ताल पुरी झाली. बंदरावरची माणसं परत आली ती डोंगराकडे बघतच राहिली. पाऊस झाला, भरपूर झाला. एकही दगड हलला नाही.

आश्विनात बाजरी निघाली आणि त्याच रानात हरभरा पेरला. पेरला खरा, पण धीर कुणालाच नव्हता. दिवाळी होताच बंदरावर जाणारे नेहमीसारखे निघाले. कोंडाबाईचा नवराही निघाला. "पीक आलं तर ऱ्हाईन की," तो म्हणाला, "पर न्हाई आलं तर खायाचं काय?" त्याचं काही चुकत नव्हतं. कोंडाबाईनं त्याला भाकरी बांधून दिली आणि दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी रानात जाऊन मातीत हात घालून बघायला लागली.

कार्तिकात रोपं वीतभर झाली. मार्गशीर्षात बायांनी शेंडे खुडले आणि गावभर हरभऱ्याची भाजी झाली. पौषात सगळ्या उताराला हिरवा रंग होता आणि खालच्या गावांची माणसं मुद्दाम वाट वाकडी करून बघायला येत होती. त्यांतल्या दोघा-तिघांनी मुकादमाला बाजूला घेऊन विचारलं, "आमच्या रानात ताली घालून द्याल का?" म्हाताऱ्यानं ऐटीत सांगितलं, "हितली काढणी झाल्याबिगर जमायचं न्हाई."

माघात घाटे वाळले. हरभरा वेळेत उपटला नाही तर घाटे तडकून दाणा मातीत जातो, म्हणून सगळं गाव रानात उतरलं. तरी तालींमागच्या सात वाफ्यांपैकी तीनच उरकले. मुकादमानं पारावर उभं राहून माणसं मोजली, पुन्हा मोजली, आणि त्या गावात जे कधी कुणी म्हटलं नव्हतं ते म्हणाला, "हात कमी पडाय लागल्यात."

मीठ आणायला जाणाऱ्या बैलगाडीवाल्याबरोबर बंदरावर निरोप गेला. सहाव्या दिवशी दुपारी घाटाची चढण चढून माणसं आली. कोंडाबाईचा नवरा त्यांच्यात होता.

हौसा वाफ्याच्या कडेला उभी होती. तिच्या लेखी बाप म्हणजे पावसाबरोबर येणारा माणूस. तिनं आभाळाकडे बघितलं. एकही ढग नव्हता. तिनं बापाचा हात धरून विचारलं, "बाबा, पाऊस कुठंय?"

बापानं रानाकडे बघितलं, उन्हात उभ्या असलेल्या बायकोकडे बघितलं.

"हरबरा आलाय ना," तो म्हणाला. मग त्यानं गाठोडं खाली ठेवलं आणि कुठल्या वाफ्यावर जायचं ते मुकादमाला विचारलं.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: काम पुरावं म्हणून जे ते अर्धं करतात, त्यांच्या वाट्याला कायम अर्धंच काम येतं. मन लावून पुरं केलेलं काम पुढच्या कामाला जन्म देतं, आणि ते सगळ्यांना सोबत घेऊन केलं तर सगळ्यांना पुरतं.